नवी मुंबईची पन्नास वर्षे आकाशातून: जमिनीच्या वापरातील बदल उपग्रह-प्रतिमांवरून कसा ओळखतात

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, २३ जुलै १९७२ रोजी, अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. त्यामुळे नवी मुंबई हे शहर आणि पृथ्वीच्या पृष्ठभागाची नियमित छायाचित्रे घेण्याची पद्धत ही दोन्ही जवळजवळ एकाच वयाची आहेत. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या शहरासाठी नेमून दिली गेली, तेव्हा तिथे भातखाचरे, मिठागरे, खाडीकाठची खारफुटी, गवताने माखलेल्या टेकड्या आणि आगरी-कोळ्यांची गावठाणे होती. पुढे १९७३ मध्ये मुंबईला वाशीशी जोडणारा ठाणे खाडीवरचा पूल झाला, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उलव्याजवळच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जमिनीचा वापर कालांतराने कसा बदलतो आणि तो बदल उपग्रहाच्या चित्रांवरून कसा मोजतात, हे समजून घ्यायला याहून सोयीचे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

आपण पाहतो ती 'आधी आणि नंतर' अशी जोडचित्रे फसवी असतात, असे माझे मत आहे. चित्रे खोटी नसतात, परंतु त्यांतून बदल 'दिसतो' हा आपला समज चुकीचा असतो. उपग्रह बदल टिपत नाही. तो फक्त त्या क्षणी जमिनीवरून परतलेला प्रकाश मोजतो. बदल ही दोन मोजमापांची वजाबाकी असते, आणि वजाबाकी करताना ऋतू, भरती-ओहोटी, सूर्याचा कोन, उपग्रहाची क्षमता आणि आपल्या व्याख्या यांतला फरकही त्या उत्तरात बेमालूम मिसळतो. हा मिसळलेला भाग वेगळा काढणे, हेच या शास्त्रातले खरे काम आहे.

एका चौकटीत किती गुंठे

उपग्रहाची प्रतिमा म्हणजे छोट्या चौरस चौकटींची जाळी असते. प्रत्येक चौकटीला पिक्सेल म्हणतात आणि एका पिक्सेलच्या आत काय काय आहे ते उपग्रहाला वेगवेगळे दिसत नाही. त्या सगळ्याची मिळून एकच सरासरी नोंदली जाते. म्हणून पिक्सेलचा आकार किती, हा पहिला प्रश्न. सुरुवातीच्या लँडसॅटची चौकट साधारण ८० मीटरची होती, म्हणजे एका चौकटीत ६० गुंठ्यांहून अधिक, दीड एकरापेक्षा थोडी जास्तच जमीन येत असे. कोकणातली भातखाचरे काही गुंठ्यांची असतात. तेव्हा १९७० च्या दशकातील त्या चित्रांत एकेक खाचर शोधणे व्यर्थ आहे. १९८२ पासून लँडसॅटवर ३० मीटरचा संवेदक, म्हणजे प्रकाश मोजणारे उपकरण, आला आणि चौकट नऊ गुंठ्यांवर आली. भारताने १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहावर साधारण ७२ आणि ३६ मीटरचे कॅमेरे होते. १९९५ च्या आयआरएस-१सी पासून २३.५ मीटरचा लिस-३ हा कॅमेरा मिळाला, ज्याची चौकट साडेपाच गुंठ्यांची भरते. युरोपचा सेंटिनेल-२ हा २०१५ मध्ये आला आणि त्याची १० मीटरची चौकट म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा. सातबाऱ्याची सवय असलेल्या वाचकाला एवढ्यावरून लक्षात येईल की, 'उपग्रहाने पाहिले' असे म्हणताना कोणत्या सालच्या उपग्रहाने पाहिले, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ज्या चौकटीत अर्धे खाचर, थोडा बांध, दोन आंब्याची झाडे आणि कडेने जाणारा रस्ता असतो, तिला मिश्र पिक्सेल म्हणतात. तिची सरासरी कधी कधी यांपैकी कशाशीच जुळत नाही आणि ती भलत्याच वर्गात, उदाहरणार्थ झुडपी जमिनीत, जाऊन बसते. गावठाणांच्या कडा, खाडीच्या कडा आणि डोंगरपायथे इथे अशा चौकटी दाटीने असतात. आणि बदलही नेमका कडांवरच सर्वांत आधी होतो, ही यातली गैरसोय आहे.

डोळ्याला न दिसणारा प्रकाश

हिरवे पान तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते, कारण हरितद्रव्याला प्रकाशसंश्लेषणासाठी तो हवा असतो. मात्र तांबड्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश पानाच्या आतल्या सच्छिद्र पेशीरचनेवर आदळून मोठ्या प्रमाणात परत फिरतो. पाणी नेमके उलट वागते. ते अवरक्त प्रकाश जवळजवळ पूर्ण गिळून टाकते. या दोन स्वभावांवर बरेचसे काम उभे आहे. वनस्पती-निर्देशांक, ज्याला एनडीव्हीआय म्हणतात, तो काढण्यासाठी अवरक्त प्रकाशातून तांबडा वजा करतात आणि त्या दोहोंच्या बेरजेने भागतात. समजा, दाट खारफुटीच्या एका चौकटीतून अवरक्त प्रकाश ४० टक्के आणि तांबडा ५ टक्के परतला, तर ३५ भागिले ४५ म्हणजे सुमारे ०.७८ हे उत्तर येते. मार्च महिन्यातल्या कोरड्या, कापणी झालेल्या शेतात अवरक्त २५ आणि तांबडा १८ टक्के असेल, तर उत्तर ०.१६ च्या आसपास येते. पाण्यावर हा आकडा शून्याच्या खाली जातो. भागाकार करण्याचा फायदा असा की, ढगाच्या विरळ सावलीने किंवा डोंगराच्या उतारामुळे दोन्ही प्रकाश सारख्याच प्रमाणात मंदावले, तरी उत्तर फारसे हलत नाही.

सुरुवातीच्या लँडसॅटला हिरवा, तांबडा आणि दोन अवरक्त असे प्रकाशाचे चारच पट्टे टिपता येत. पुढच्या संवेदकांत लघुतरंग-अवरक्त पट्टे आले, ज्यांना पानातल्या आणि मातीतल्या ओलाव्याची जाण असते. इमारती आणि उघडी माती ओळखायला हे पट्टे उपयोगी पडतात, पण पूर्ण भरवशाचे नाहीत. नवी मुंबईत याची कसोटी लागते. मिठागरात पाणी आटून मिठाचा थर चढला की तो झगझगीत पांढरा दिसतो. पारसिकच्या डोंगरातली ताजी फोडलेली दगडखाण तशीच उजळ दिसते. काँक्रीटची नवी गच्ची आणि भराव टाकून सपाट केलेला भूखंडही तसाच. संगणकाला या चारांमध्ये प्रकाशाच्या एका नोंदीवरून फारसा फरक करता येत नाही. माणसाला तो करता येतो, कारण माणूस आकार पाहतो: मिठागराचे आखीव चौकोन, खाणीची वेडीवाकडी किनार, वसाहतीतल्या रस्त्यांची जाळी. अलीकडच्या संगणकीय पद्धती शेजारच्या चौकटींचाही विचार करून हा आकार शिकू पाहतात आणि त्यात त्यांना बऱ्यापैकी यश येत आहे.

ऋतू आणि तिथी

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पनवेल-उरण भागातले भात हिरवेगार किंवा नुकते पिवळे पडू लागलेले असते. डिसेंबरमध्ये तीच जमीन कापणी होऊन तपकिरी पडलेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत ओल धरून राहिलेल्या काही खाचरांत वाल उभा असतो, तर शेजारचे खाचर मोकळे असते. मे महिन्यात सगळेच भकास. आता कोणी १९९० ची ऑक्टोबरमधील प्रतिमा आणि २०२० ची मे महिन्यातील प्रतिमा शेजारी ठेवून 'तीस वर्षांत हिरवाई नष्ट झाली' असे म्हणू लागला, तर ते उपवासाच्या दिवशीचे आणि दिवाळीच्या फराळानंतरचे वजन ताडून माणसाची प्रकृती ठरवण्यासारखे होईल. तुलना करायची तर दोन्ही प्रतिमा एकाच महिन्यातल्या हव्यात, आणि शक्यतो त्या दोन्ही वर्षांचा पाऊसही सारखा असावा; कारण दुष्काळी वर्षातला डिसेंबर आणि भरपूर पावसाच्या वर्षातला डिसेंबर हे प्रतिमेत दोन वेगळे महिने असल्यासारखे दिसतात.

हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र देशाचे जमीन-वापर नकाशे करताना याच कारणासाठी एका प्रतिमेवर विसंबत नाही. १:५०,००० या प्रमाणावरचे त्यांचे नकाशे २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ या वर्षांचे आहेत, आणि त्यांतल्या पहिल्या फेरीसाठी खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांतल्या लिस-३ च्या प्रतिमा वापरल्या गेल्या. तिन्ही हंगामांत हिरवी राहणारी चौकट म्हणजे बहुधा झाडी, एकाच हंगामात हिरवी होणारी म्हणजे एकपिकी शेत, आणि कधीच हिरवी न होणारी म्हणजे बांधकाम, खडक किंवा पाणी, असा सरळ तर्क त्यामागे आहे. खारफुटी आणि भात वेगळे ओळखायलाही हाच उपाय आहे, कारण खारफुटी बारमाही हिरवी असते.

खाडीकाठी ऋतूच्या जोडीला भरती-ओहोटी येते, आणि इथे एक गमतीची गोष्ट आहे जी जमिनीच्या अभ्यासकांपेक्षा कोळ्यांना लवकर कळेल. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ हे सूर्याशी जुळवून घेतलेल्या कक्षेत फिरतात. म्हणजे एखाद्या ठिकाणावरून ते नेहमी जवळजवळ त्याच स्थानिक वेळी जातात. मुंबईवरून ते सकाळी अकराच्या आसपास जातात. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा आहे: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती मानावी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावस्येला दुपारच्या सुमारास. याचा अर्थ असा की, उधाणाच्या दिवसांत उपग्रह अकरा वाजता येतो तेव्हा खाडी काठोकाठ भरत आलेली असते आणि चिखलाचे पट्टे पाण्याखाली असतात. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, तो येतो तेव्हा ओहोटी लागून पाणी बरेच उतरलेले असते. पण भांगाला पाणी मुळात कमीच चढते आणि कमीच उतरते. उधाणाची सर्वांत खोल ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते, आणि ती या उपग्रहांना कधीच दिसत नाही.

परिणाम काय होतो? पौर्णिमेच्या एका प्रतिमेशी अष्टमीची दुसरी प्रतिमा ताडली, तर 'खाडीत एवढी जमीन नव्याने तयार झाली' असे उत्तर संगणक देतो. भराव टाकला गेला असेलही, पण त्या उत्तरात केवळ उघडा पडलेला चिखलही धरला गेलेला असतो. म्हणून ठाणे खाडी किंवा पनवेल खाडीतला भराव मोजणाऱ्याने प्रतिमा निवडताना पंचांग उघडून तिथी जुळवून घ्यावी, हे मी अगदी गांभीर्याने लिहीत आहे. लँडसॅट दर १६ दिवसांनी येतो आणि दर फेरीला तिथी साधारण सव्वाने पुढे सरकते. त्यामुळे नोव्हेंबर ते मे या निरभ्र काळात जवळजवळ सगळ्या तिथ्यांच्या प्रतिमा मिळून जातात आणि जोडी जुळवणे शक्य होते.

वजाबाकीतली चूक

बदल काढण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे दोन सालांचे दोन वेगळे नकाशे तयार करायचे, प्रत्येक चौकटीला शेत, झाडी, पाणी, बांधकाम असे नाव द्यायचे, आणि मग कोणत्या चौकटीचे नाव बदलले ते पाहायचे. ही पद्धत समजायला सोपी असल्यामुळे फार वापरली जाते आणि त्याच कारणाने फार चुकते.

समजा, १०० चौरस किलोमीटरचा टापू आहे, आपण बांधलेली आणि न बांधलेली असे दोनच वर्ग केले आहेत, आणि प्रत्यक्षात फक्त ४ चौरस किलोमीटर जमीन बदलली आहे. दोन्ही नकाशे ९० टक्के अचूक आहेत. ऐकायला हे चांगलेच वाटते. परंतु दोन्ही नकाशांतल्या चुका एकमेकांशी संबंध नसलेल्या असतील, तर न बदललेल्या ९६ चौरस किलोमीटरपैकी १८ टक्के जागी एक नकाशा बरोबर आणि दुसरा चूक असणार, आणि तिथे बदल नसतानाही तो दाखवला जाणार. हा खोटा बदल सुमारे १७ चौरस किलोमीटर भरतो. खऱ्या ४ पैकी साधारण सव्वातीन हाती लागतात. म्हणजे नकाशा २० चौरस किलोमीटरहून अधिक बदल दाखवील आणि त्यातला सहावा हिस्साच खरा असेल. प्रत्यक्षात दोन्ही नकाशांतल्या काही चुका त्याच त्या जागी पडतात, त्यामुळे चित्र इतके वाईट नसते. तरीही 'अचूकता ९० टक्के' या शब्दांवर भिस्त ठेवून बदलाचे आकडे छापणारे अहवाल मी संशयाने वाचतो.

यावर आता रूढ झालेला उपाय असा आहे की, नकाशावरच्या चौकटी मोजून क्षेत्रफळ सांगायचेच नाही. नकाशाचा उपयोग फक्त नमुना निवडायला करायचा. 'बदललेली' आणि 'न बदललेली' अशा दोन्ही भागांतून काहीशे ठिकाणे सोडत काढल्यासारखी निवडायची, प्रत्येक ठिकाण अधिक स्पष्ट प्रतिमांवर किंवा प्रत्यक्ष जाऊन तपासायचे, नकाशा कुठे किती चुकला याचे प्रमाण काढायचे आणि त्यावरून क्षेत्रफळाचा सुधारित अंदाज त्याच्या कमी-जास्त मर्यादेसह द्यायचा. निवडणुकीच्या जनमत चाचणीत जसा अंदाजासोबत चुकीचा पल्ला सांगतात, तसाच इथेही सांगावा लागतो. ज्या अहवालात हा पल्ला दिलेला नसतो, त्यातले दशांश चिन्हानंतरचे आकडे केवळ शोभेचे असतात.

दुसरा उपाय म्हणजे दोनच प्रतिमा न घेता सगळ्याच घेणे. २००८ मध्ये लँडसॅटचा सगळा संग्रह विनामूल्य खुला झाला. त्याआधी एकेका प्रतिमेला शेकडो, एकेकाळी तर हजारो डॉलर मोजावे लागत. त्यामुळे संशोधक दोन प्रतिमा विकत घेऊन त्यांवरच भागवत. पैशाच्या अडचणीतून आलेली ती सवय पुढे पद्धत म्हणून टिकून राहिली. आता एकाच चौकटीची गेल्या चाळीस वर्षांतली शेकडो निरीक्षणे ओळीने मांडता येतात आणि त्या चौकटीचा स्वभाव कळतो. उलवे भागातल्या एखाद्या खाचराची चौकट कल्पनेत घेऊ. सुरुवातीची कित्येक वर्षे तिचा वनस्पती-निर्देशांक पावसाळ्यानंतर वर चढतो आणि उन्हाळ्यात खाली येतो; लाटेसारखी ही रेषा दरवर्षी त्याच तालात चालते. मग एका वर्षी लाट कमी उंच होते, कारण शेत पडीक राहिले आणि भाताच्या जागी गवत आले. काही वर्षांनी एका हिवाळ्यात रेषा एकदम कोसळते आणि उजळपणा वाढतो: भराव पडला. त्यानंतर लाटच उमटत नाही. पुढे काही वर्षांनी निर्देशांक किंचित वर सरकतो, कारण रस्त्याकडेची झाडे वाढली. या रेषेत तुटण्याचे वर्ष आणि कधी कधी महिनाही सापडतो, जो दोन चित्रांच्या तुलनेत कधीच सापडला नसता.

अर्थात संग्रहात खिंडारे आहेत. ३१ मे २००३ रोजी लँडसॅट-७ मधला एक आरसा बंद पडला आणि त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक प्रतिमेत सुमारे २२ टक्के भाग काळ्या पट्ट्यांनी गेलेला आहे. आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकणावर ढग असतात, त्यामुळे नेमके पीक उभे असतानाचेच दर्शन दुर्मिळ असते. ढगांतून पाहायला रडार लागते, जे स्वतःच सूक्ष्मलहरी सोडून त्यांचा परतावा टिपते. युरोपचा सेंटिनेल-१ हे काम २०१४ पासून करीत आहे. इस्रो आणि नासा यांनी मिळून केलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला गेला आणि तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो. चिखलणी करून पाणी भरलेले खाचर रडारला काळे दिसते, कारण शांत पाण्यावरून लहरी आरशासारख्या दुसरीकडे निघून जातात. रोपे वाढली की तेच खाचर उजळू लागते. भातशेती ओळखायची ही सर्वांत भरवशाची खूण आहे.

खारफुटी वाढली म्हणजे काय झाले

आतापर्यंतच्या अडचणी तांत्रिक होत्या. यापुढची व्याख्येची आहे आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. उपग्रहाला जमिनीवरचे आवरण दिसते, जमिनीचा वापर दिसत नाही. गवताळ भूखंड हे आवरण झाले. ते गुरचरण आहे, एनए होऊन बांधकामाच्या प्रतीक्षेत आहे, की भूसंपादन होऊन मोबदल्याच्या वादात अडकले आहे, हे प्रकाशावरून कळत नाही. सिडकोसाठी संपादित झालेली बरीच जमीन कागदोपत्री शहराची झाल्यावरही कित्येक वर्षे प्रतिमांत पूर्वीसारखीच दिसते. जानेवारी १९८४ मध्ये याच जमिनीच्या मोबदल्यासाठी जासई आणि दास्तान फाटा इथे झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून पुढे आली. त्या काळातल्या प्रतिमेत मात्र तिथे नुसते हिवाळ्यातले रान दिसेल.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा अहवाल १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी येतो. त्यात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या शेंड्यांचे छत्र १० टक्क्यांहून अधिक असेल, तर ती जागा वनाच्छादन म्हणून धरली जाते. जमीन कोणाची आणि झाडे कसली, हे पाहिले जात नाही. त्यामुळे सिंधुदुर्गातले नैसर्गिक रान तोडून तिथे काजू किंवा रबर लावले, तर मधली काही वर्षे सोडता त्या जागेच्या वनाच्छादनात फरक पडलेला दिसणार नाही. आकडा खोटा नाही. तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. उपग्रहाच्या नावाने वादविवाद करणाऱ्या दोन्ही बाजू हे सोयीस्करपणे विसरतात.

खारफुटीच्या बाबतीत हा गुंता अधिक टोकदार होतो. याच संस्थेच्या २०१५ च्या अहवालात महाराष्ट्रातील खारफुटी २२२ चौरस किलोमीटर होती आणि २०१७ च्या अहवालात ती ३०४ झाली. संरक्षणाचा यात वाटा आहेच: मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये खारफुटी तोडण्यास बंदी घातली आणि २०१२ मध्ये राज्याने खारफुटीसाठी स्वतंत्र कक्ष उभारला. पण दोन वर्षांत एवढी मोठी उडी दिसली की, नवी उगवलेली किती आणि आधीपासून असलेली पण आता नकाशात आलेली किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्याशिवाय खारफुटी वाढण्याचा रायगडमध्ये आणखी एक मार्ग आहे. खाडीकाठची भातशेती खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधांच्या, आडोशाने टिकलेली असते. बांधाला असलेल्या उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरतीचे आत येत नाही. बांध फुटला आणि वेळेवर दुरुस्त झाला नाही, तर उधाणाचे खारे पाणी शेतात शिरते, भात जाते आणि चार-पाच वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते. उरण, पेण, अलिबाग या तालुक्यांत असे घडलेले आहे. नकाशावर ही नोंद 'शेतीतून खारफुटीत' अशी हिरव्या रंगात होते आणि राज्याच्या वनवाढीत जमा होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ती जमीन गेली, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ती पुन्हा शेतीखाली आणणेही अवघड होऊन बसले. नवी मुंबईतल्या धारण तलावांचेही असेच आहे. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी सिडकोने केलेल्या या तलावांत गाळ साचला, गाळात खारफुटी आली, आणि आता गाळ काढायचा तर खारफुटी आडवी येते. आवरणाच्या भाषेत ते पाण्याचे वन झाले. वापराच्या भाषेत पूरनियंत्रणाची क्षमता घटली. दोन्ही विधाने बरोबर आहेत आणि उपग्रह त्यांतले पहिलेच सांगू शकतो.

उलटही घडते. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला. प्रवाह वळवलेला प्रतिमेत स्पष्ट दिसतो. टेकडी गेल्याचे मात्र सपाट चित्रात फक्त रंगबदल म्हणून येते. ती उंची नाहीशी झाल्याचा पुरावा डिसेंबर-जानेवारीच्या प्रतिमांत टेकडीच्या वायव्य अंगाला पडणारी सावली नंतरच्या वर्षांत पडत नाही, यातून मिळतो. नेमकी उंची हवी असेल, तर फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेल्या उंचीच्या मोजणीशी नंतरची मोजणी ताडावी लागते.

हे सगळे स्वतः पाहायचे असेल, तर आज त्यासाठी संशोधक असण्याची गरज नाही. गूगल अर्थच्या संगणकावरील आवृत्तीत जुन्या प्रतिमांची पट्टी सरकवून पाहता येते, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर देशाचे जमीन-वापर नकाशे पाहता येतात, आणि कोपर्निकस ब्राउझरमध्ये सेंटिनेलच्या प्रतिमा तारीखवार उघडून अवरक्त पट्टा लाल रंगात दाखवणारे चित्र एका टिचकीत मिळते. त्या चित्रात खारफुटी गडद लाल, उभे भात फिकट लाल, खाडी काळसर आणि शहर राखाडी-निळे दिसते. गूगल अर्थवरची अगदी स्पष्ट चित्रे अनेक उपग्रहांची आणि तारखांची ठिगळे जोडून केलेली असतात, एवढे ध्यानात ठेवावे. एकाच पडद्यावर डावीकडे जानेवारी आणि उजवीकडे मे महिना असू शकतो.

न्यायालयांत आणि सरकारी कार्यालयांत या प्रतिमा आता पुरावा म्हणून मांडल्या जातात. उदाहरणार्थ, किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली, त्यामुळे एखादे बांधकाम त्या तारखेपूर्वी होते की नंतर झाले यावर बरेच अवलंबून असते. त्या सुमाराचे लँडसॅट ३० मीटरचे, आयआरएस-१ए ३६ मीटरचे आणि फ्रान्सच्या स्पॉट उपग्रहाचे कृष्णधवल चित्र १० मीटरचे. तेव्हा काही हेक्टरांचा खारफुटीचा पट्टा १९९१ मध्ये होता की नव्हता, याचा निर्वाळा त्या प्रतिमा खात्रीने देऊ शकतात. कोळीवाड्यातले अर्ध्या गुंठ्यातले घर तेव्हा होते की नव्हते, हे मात्र त्यांतून कोणालाही सांगता येणार नाही; त्यासाठी घरपट्टीची जुनी पावती, मतदार यादी किंवा गावठाणाचा मोजणी नकाशाच काढावा लागतो.